नकाशा उघडेपर्यंत

सोमवार, ४ मार्च

हसायचं काय होतं त्यात, भावजी? सांगा ना. मी काय विचारलं? ह्यांचा तो आगगाड्यांचा जुना गेम सुरू व्हायला फार वेळ लागतो, लवकर उघडेल असं काही करता येईल का. एवढंच. तर तुम्ही फोनवर असे खिदळलात की ह्यांनी आतून विचारलं, कोण आलंय. वर आणखी, "वहिनी, तुम्हालाही लागला का नाद?" नाद लागायला मला उसंत कुठे आहे हो. सकाळी दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायचे, दुपारी घरी यायचं, मग रात्रीपर्यंत तुमच्या भावाच्या मागे.

मी फोन मध्येच ठेवला म्हणून फुगून बसू नका. ह्यांच्याबद्दल बोलायला लागलं की हे दाराशी येऊन उभे राहतात. कामावर लिफ्टच्या खड्ड्यात पडून डोक्याला मार बसला, कान शाबूत आहेत. आपल्याबद्दल चाललंय एवढं कळतं, काय चाललंय ते डोक्यात टिकत नाही. मग दिवसभर धुसफूस. कारण निघून जातं, धुसफूस मागे राहते. म्हणून आता फोन बंद. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवरून लिहितेय, डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिलीय. तुम्हीही इथेच लिहा.

तर परत विचारते. गेम सुरू केला की पडद्यावर एक पट्टी भरत राहते. तेवढ्या वेळात माणसाची दाढी होईल, आंघोळ होईल, कपडे घालून तो बाहेर पडेल. ती पट्टी कमी करायची. कंपनीत तुम्ही मोठमोठी मशीनं सांभाळता ना? मग भावाच्या घरातलं एक खोकं सांभाळून दाखवा.

— वहिनी


मंगळवार, ५ मार्च

वहिनी,

हसलो, चुकलो. कान धरलेत, इथे ऑफिसात सगळे बघताहेत.

तो गेम म्हणजे आमचं बालपण आहे. दोघं एका खुर्चीवर, अर्धे अर्धे. दादा रूळ टाकायचा, मी सिग्नल लावायचो. माझ्या सिग्नलमुळे दोन गाड्या समोरासमोर येऊन थांबायच्या आणि मला टपली बसायची. आता तो गेम बनवणारी कंपनीसुद्धा राहिली नाही. म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत पळवायला सांगताय तुम्ही.

दोन सोपे उपाय. एक, गेम बंदच करू नका. चालू ठेवा, नुसता पडदा बंद करा. दोन, तसलेच नवीन गेम मिळतात, चित्रं चकाचक, चुटकीसरशी उघडतात. पाठवू का?

आणि एवढी घाई कसली? दादाला कुठे ऑफिस गाठायचंय?

आई विचारते, तब्येत कशी आहे. तुम्ही दर वेळी "सुधारताहेत" एवढाच एक शब्द लिहिता. त्यावर आईचं समाधान होत नाही. माझंही नाही.

— तुमचा दीर


बुधवार, ६ मार्च

भावजी,

बंद करू नका म्हणता. हे आईंना सांगा. खोलीतून उठायचं तर दिवा बंद, पंखा बंद, जे जे चालू असेल ते बंद, हे त्यांनी दोघांच्या हाडात भरवलंय. तुमच्या हाडातून ते कधीच गळलं, ह्यांच्या नाही. लग्नाची तारीख गेली, स्वतःचं वय गेलं, पण पंखा बंद करायचं नाही गेलं. मी पडद्यावर चिठ्ठी लावली, "हे बंद करू नका." हे चिठ्ठी वाचतात, "बरोबर आहे" म्हणतात, नीट घडी घालून खिशात ठेवतात आणि बंद करतात. धुवायच्या शर्टांतून मी माझ्याच चिठ्ठ्या काढते.

नवीन गेम नको. एकदा शेजारच्या मुलाने दुसरा लावून दिला होता. हे त्याच्याकडे परक्याच्या ताटासारखे बघत बसले. ह्यांना त्यांचाच नकाशा लागतो. तिथे त्यांना काही लक्षात ठेवावं लागत नाही, सगळं डोळ्यांसमोर असतं. गाडी कुठून आली, कुठे चालली, ते दिसतं. जेवायला उठेपर्यंत शांत असतात. अहो, शीळसुद्धा घालतात.

सुधारताहेत. आईंना हेच सांगा.

— वहिनी


सोमवार, ११ मार्च

वहिनी,

नवी डिस्क पाठवलीय, सोबत स्क्रू-ड्रायव्हरही आहे. आतली जुनी डिस्क चकतीसारखी गरगर फिरते आणि एकेक वस्तू शोधत बसते, ही फिरतच नाही. कशी बसवायची ते चित्र काढून ठेवलंय. आधी वायर काढा. दादाला मात्र हात लावू देऊ नका, तो अख्खं खोकं उघडून बसेल.

— दीर


शुक्रवार, १५ मार्च

भावजी,

बसवली. ह्यांना हात लावू दिला नाही तर हे शेजारी उकिडवे बसून म्हणाले, "वायर काढलीस का? आधी बंद, मग हात." तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

पट्टी दिसते न दिसते तोच नकाशा उघडतो. कामावर गेले तरी हे दोन दिवस माझा जीव जाग्यावर होता. देव तुमचं भलं करो, आणि तुमचे सिग्नल सुधारो.

— वहिनी


सोमवार, २५ मार्च

वहिनी,

गेल्या सोमवारी तुमची दोन ओळींची मेल आली, पट्टी परत लांबायला लागली म्हणून. मी "बघतो" म्हटलं आणि कामात राहून गेलं. आज तुमच्या शेजारच्या काकूंचा आईला फोन आला. दादा भर रस्त्यात, वाहनांच्या मधोमध, पायात घरातल्या सपाता. एका टेम्पोवाल्याने हाताला धरून फुटपाथवर आणला. आणि काकू म्हणाल्या, हे काही पहिल्यांदा नाही.

ह्याला सुधारणं म्हणतात का, वहिनी? तुम्ही माझ्याकडे गेम लवकर उघडायचा हट्ट धरलात, आणि माझा भाऊ रस्त्यात फिरतोय हे मला परक्याच्या तोंडून कळावं? तुम्ही दवाखान्यात असता तेव्हा तो एकटा असतो का? खरं लिहा. गोड गोड नको.

— दीर


मंगळवार, २६ मार्च

खरं लिहा म्हणता, तर घ्या.

हो, एकटे असतात. सकाळपासून मी परत येईपर्यंत. बाई ठेवली होती, तिला हे रोज नव्याने विचारायचे, तू कोण, इथे काय करतेस. तिने किती दिवस ऐकून घ्यावं? बाहेरून कुलूप लावून पाहिलं. दाराची काच हाताने फोडली. कोंडलेला माणूस का कोंडलाय हे विसरतो, कोंडलाय हे नाही विसरत. ते टाके मी तुम्हाला "भाजी चिरताना" म्हणून सांगितले होते. त्यानंतर कुलूप लावलं नाही.

मग उरला तुमचा गेम. मी निघताना तो सुरू करून देते. नकाशा उघडलेला असतो तोवर हे घरात असतात, आणि घरात असणार हे मला पेशंटचं नाव लिहितानासुद्धा ठाऊक असतं. पण मध्येच पाणी प्यायला उठतात, उठताना बंद करतात. परत येऊन स्वतः सुरू करतात, तेवढं हातांना येतं. आणि मग ती पट्टी. पट्टी भरेपर्यंत आपण इथे कशासाठी बसलोय हे निघून जातं. समोर काळा पडदा, एक पट्टी. म्हणजे काहीतरी बंद पडलंय. बंद पडलंय म्हणजे आपल्याला कामावर बोलावलंय. उठतात, सपाता घालतात, निघतात.

म्हणून मला पट्टी कमी करून हवी होती. हसण्यासारखं आहे का आता?

तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही आणि आईंनी काय ठरवलं असतं ते मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी हॉस्पिटलच्या बाकावर बसून तुम्ही दोघं असल्या पेशंटना ठेवून घेणाऱ्या ज्या संस्थेबद्दल कुजबुजत होतात, तिचं नाव मी ऐकलंय. माझेही कान शाबूत आहेत.

— वहिनी


बुधवार, २७ मार्च

वहिनी,

तुमची मेल वाचून काल काम सुचलं नाही. संस्थेचा विषय आत्ता नको. आधी पट्टी.

आज दुपारी इथून तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलो. तुम्ही दादाला गच्चीवर नेलं होतंत तेव्हा. रोग सापडला.

हा गेम सुरू होताना साठवलेला प्रत्येक नकाशा उघडून बघतो आणि त्याचं छोटं चित्र यादीत लावतो. दहा-वीस नकाशे असले तर कळतही नाही. तुमच्याकडे ढीग आहे, वहिनी. दादा नकाशा साठवतो आणि साठवल्याचं विसरतो. म्हणून परत साठवतो, नवीन नावाने. "नवा." "नवा पक्का." "आजचा." "आजचा दुसरा." "हाच." "हाच बघ." खाली जावं तितके. विसरला की साठवतो, साठवला की पट्टी लांबते, पट्टी लांबली की विसरतो. स्वतःची शेपटी धरून फिरतोय बिचारा. नवी डिस्क काय करणार? भरधाव होती तीही दमली.

सगळं साफ केलं. सगळ्यात ताजा नकाशा ठेवला, "हाच खरा" नावाचा, म्हणजे त्याचं काम जिथे पोचलंय तिथूनच पुढे सुरू होईल. बाकी कायमचे उडवले, नाहीतर उद्या तोच परत शोधून आणेल. आता गेम डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतो. तुम्ही निर्धास्त कामाला जा.

— दीर


गुरुवार, २८ मार्च

फोन उचला. कुठे आहात? घराचं दार उघडं आहे आणि हे नाहीत. गेम चालू आहे. चालू ठेवून गेलेत, भावजी. हे असं कधीच करत नाहीत.


शनिवार, ३० मार्च

भावजी,

गुरुवारी तुमच्याशी फोनवर नुसतं "सापडले" म्हटलं. आईंचा आवाज मागे येत होता, म्हणून पुढचं बोलले नाही. आता ऐका.

तुम्ही ठेवलात तो नकाशा पडद्यावर होता. मला त्यातलं कळत नाही, पण एवढं कळलं की मधलं मोठं स्टेशन जाग्यावर नव्हतं. रूळ तोडलेले, गाड्या शेतात उभ्या. कुठल्यातरी वाईट दिवशी ह्यांनी स्वतःच उखडून ठेवलेलं असणार, आणि दुसऱ्या दिवशी विसरून गेले. कारण नव्याने साठवलेलं हे कधी उघडतच नाहीत. तुम्हाला वाटलं ताजा म्हणजे चालू. हे रोज यादीत खाली खाली जाऊन अगदी तळाचा उघडतात. त्याचं नाव नुसतं "१" आहे. होतं. रोज तिथूनच सुरुवात करतात, पहिल्यापासून, मजेत. तुम्ही तोच उडवलात. मला एका शब्दाने विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

पलीकडच्या गल्लीतली ती उंच इमारत आठवते? तिथल्या लिफ्टची देखभाल ह्यांच्याकडे होती. तिकडे गर्दी दिसली म्हणून धावले. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आतून दार बडवत होते लोक. वॉचमन मला बघून पांढराफटक पडला. म्हणाला, "बाई, साहेब आले, मी सलाम केला, किल्ली मागितली, दिली. नेहमीचंच ना." त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे आता कामावर नसतात. सांगायचं कुणी? मीच.

जिने चढून वरच्या मशीनच्या खोलीत गेले तर हे पॅनेल उघडून जमिनीवर मांडी घालून बसलेले. शांत. मला म्हणाले, "रूळ उखडलेत कुणीतरी. आधी सगळं बंद केलंय. बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही." खालून बडवण्याचा आवाज येत होता आणि हे मान वाकडी करून तो ऐकत होते, शेजारच्या घरचा ऐकावा तसा. ओरडले असते तर हात कुठे लागला असता कुणास ठाऊक. मी बाजूला बसले आणि म्हटलं, "अहो, गाडीत माणसं आहेत."

"माणसं?" म्हणाले. "मग आधी का नाही सांगितलंस?" आणि उठले. दोन खटके, एक बटण, परत खटका. हात एकदाही अडखळला नाही. लिफ्ट खाली गेली. त्यात एक म्हातारे गृहस्थ होते, घामाने निथळलेले, आणि दोन कॉलेजच्या मुली. एकीने ह्यांना वाट्टेल ते सुनावलं. हे तिला म्हणाले, "तक्रार वहीत लिहा, लगेच बघतो."

सोसायटीच्या सेक्रेटरीने मला बजावलंय, पुन्हा असं झालं तर थेट पोलीस.

तुम्हाला बोल लावत नाही. लावायचा होता, दोन दिवस मनात लिहीत होते, कागदावर येईपर्यंत धार गेली. आता घरात ह्यांचा नकाशा उघडत नाही. हे यादीत खाली खाली जातात, तळाला काही नसतं. परत वर येतात. सुट्टी घेऊन मी दाराशी बसून आहे.

— वहिनी


रविवार, ३१ मार्च

वहिनी,

माझ्या हातून झालं ते झालं. माळ्यावर माझं जुनं कॉम्प्युटर होतं, त्यात "१" सापडला. आमचाच पहिला नकाशा, मी शाळेत असतानाचा, माझ्या वेड्यावाकड्या सिग्नलांसकट. आज तुमच्याकडे टाकलाय. शिवाय एक छोटी सोय केलीय, दादा जे काही साठवेल ते रोज आपोआप दुसऱ्या कप्प्यात सरकेल. उडणार काही नाही, पण गेमला ते दिसणार नाही. यादीत एकच नकाशा असेल, कायम. पट्टी आता लांबणारच नाही.

आता दुसरं. हे लिहायला मला जड जातंय, पण खरं लिहा असं मीच तुम्हाला म्हटलं होतं.

संस्थेत जागा झालीय. बुधवारी सकाळी मी आणि आई गाडी घेऊन येतोय. नाव मी आत्ता नाही घातलं, वहिनी. डिस्क पाठवली त्याच आठवड्यात घातलं होतं. जागा होईपर्यंत तुमचं कसंबसं निभावं, म्हणून डिस्क. तुम्ही "सुधारताहेत" लिहीत होतात आणि मी "बघतो" लिहीत होतो. दोघंही एकमेकांना शेंड्या लावत होतो.

चांगली जागा आहे. बाग आहे, दाराशी माणूस असतो. कॉम्प्युटर मात्र नेता येणार नाही, मी विचारलं. वायर असलेली कुठलीच वस्तू ते आत घेऊ देत नाहीत. सुरुवातीला त्याला जड जाईल. मग सवय होईल.

लिफ्टमधल्या त्या म्हाताऱ्यांना काही झालं असतं तर? दादा स्वतः खड्ड्यात परत गेला असता तर? गेम लवकर उघडला म्हणून माणूस बरा होत नाही, वहिनी. तुम्ही दमलाय. हट्ट सोडा. त्याचे कपडे तेवढे भरून ठेवा.

— दीर


बुधवार, ३ एप्रिल, सकाळ

भावजी,

हे कागदावर लिहून दाराला लावतेय, कारण खोकं बांधून झालंय. कपडेही भरलेत, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. माझेसुद्धा.

सोमवारी तुमचा नकाशा उघडला. पट्टी आलीच नाही. ह्यांनी खुर्ची पुढे ओढली तोवर गाड्या धावत होत्या. बराच वेळ बघत राहिले, मग एका जागी बोट ठेवून म्हणाले, "हा सिग्नल धाकट्याने लावलाय. गाढव आहे." तुमचं नाव विचारलं तर आठवलं नाही. सिग्नल मात्र काढून नीट लावला. काल उघडला तर तुमचा चुकीचाच परत आला, काल परत नीट लावला. आज परत लावतील. त्यांना रोज एक काम मिळालं, आणि तुम्हाला रोज एक शिवी.

तुम्ही म्हणता, लवकर उघडला म्हणून माणूस बरा होत नाही. बरं करून द्या असं मी कधी म्हटलं? मी पट्टी कमी करा म्हटलं होतं. ती तुम्ही केलीत. आता उरलेलं माझं.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं तुमचं म्हणणं मला नाकारता येत नाही. रात्री डोळे मिटले की मलाही ते बडवणं ऐकू येतं. एकटं ठेवणं संपलं, हे मीही मानते. पण त्यावर तुमचं उत्तर बाग आणि दाराशी माणूस. माझं उत्तर ताई. माझ्या ताईचा छापखाना तळमजल्यावर आहे, घर त्याच्याच मागे. एकच दार, आणि ते बाइंडिंगच्या टेबलावरून दिसतं. त्या टेबलावर मी बसणार. टेबलाशेजारी खोकं मांडायला जागा केलीय, वायरमनने काल पॉइंट काढून दिला. ताई म्हणाली, "तुझा नवरा मला रोज विचारेल तू कोण म्हणून. मला सवय आहे, माझा तर न विसरता विचारतो." डॉक्टरीणबाईंना कालच सांगून आलेय.

कुठे गेलो ते तुम्हाला कळलंच आता. आज मागे येऊ नका. आईंना समोर बघितलं तर मी ऐकेन, म्हणून तुम्ही यायच्या आत निघतेय. आईंना सांगा, सून वाईट आहे, पण पंखे सगळे बंद करून गेलीय. पुढच्या महिन्यात या, एकटे या, गाडी लांब लावून चालत या. तेव्हा जे बोलायचं ते समोरासमोर बोला, ह्यांच्यादेखत. जाईना का डोक्यातून.

किल्ली काकूंकडे नाही, काकू फार बोलतात. किल्ली माझ्याजवळ आहे.

आणखी लिहिलं असतं. पण ह्यांनी माझ्यासाठी लिफ्ट धरून ठेवलीय, एक पाय दारात, काखेत खोकं. खालून लोक दार आपटताहेत, तरी हे हलत नाहीत. बघताहेत माझ्याकडे. अजून ओळखीच्या नजरेने बघताहेत. जास्त वेळ झाला तर लिफ्ट कुणासाठी धरलीय ते जाईल.

निघते.